ठसक्याच्या गावी स्वागत



प्रादेशिक व्यापारसंघ आणि त्यांच्या कुंपणाबाहेरचे शेजारी, हा परिषदेचा विषय धर्माबादेत कशाला, अशी शंका कुणी काढील. त्यांनी आधी आमचा मिरची बाजार पाहावा. तेलंगणातली मिरची इथे उतरते, बायका देठ खुडतात, गिरण्यांत तिचे तिखट होते आणि लांबलांबच्या स्वयंपाकघरांत जाते. सौदा तेलुगूत, हिशेब मराठीत, आणि शिंक मात्र दोन्ही भाषांत सारखीच! सीमा इथे नकाशावर आहे, बाजारात नाही.

हा भाग पूर्वी ज्यात होता ते निजामाचे राज्य ब्रिटिश हिंदुस्थानाला लागून होते, त्यात नव्हते. १८०२ च्या व्यापारी तहाने जकात शेकडा ५ ठरली आणि निजामाचे हात बांधले गेले. करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी, निजामाचा हाली रुपया ही वेगळेपणाची निशाणी तेवढी उरली. तिथेही सात हाली म्हणजे सहा ब्रिटिश कलदार, हा हिशेब चुकत नसे. तसेच आज नॉर्वे युरोपीय संघाचा सभासद नाही, तरी १९९४ पासून संघाच्या बाजाराचे नियम पाळतो. मत मात्र देऊ शकत नाही. बाहेर राहिल्याने नियम टळत नाहीत. म्हणून ते ठरतात त्या बैठकीत शेजाऱ्याला जागा हवी, एवढेच माझे म्हणणे. देशांची गोष्ट राज्यांना कशी लावता, असा आक्षेप येईल. व्यापारापुरता तो बरोबर आहे. संविधानाच्या ३०१ व्या कलमाने राज्याराज्यांतला व्यापार मोकळा आहे. पाण्याचे तसे नाही. आमच्या इथल्या गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, हे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्के झाले. देखरेखीला महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांचा एकेक आणि केंद्रीय जल आयोगाचा एक माणूस आहे. ऐन पावसाळ्यात पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते, ही आमच्या शेतकऱ्यांची तक्रार खरीच. पण तारखा कागदावर आहेत म्हणून त्यांवर भांडता तरी येते. शेजारधर्माच्या भाषणांपेक्षा, या भाषणासकट, मला त्या तिघांच्या समितीचा भरवसा अधिक वाटतो.

आता क्षमा मागतो. मोठी हॉटेले इथे नाहीत; उतरण्याची सोय शाळांच्या वर्गांत आहे, गाद्या पातळ आहेत, वीज गेली तर जनरेटर एकच. जेवण तिखट असेल. कमी तिखट करा म्हणून आचाऱ्याला बजावले आहे, पण त्याचे कमी म्हणजे आपले किती, ते पानावर कळेल. अडत व्यापारी, गिरणीमालक, मंडपवाले आणि वर्गणी देऊन नाव नको म्हणणारे हमाल बांधव, सर्वांचा ऋणी आहे. बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जायचे असेल त्यांनी नावे चहाच्या सुट्टीत नोंदवावीत. जीप दोनच आहेत.