लसीकरणाच्या दिवशी आईला कोण विचारतं?



14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतात टोचलेली ही पहिली लस. कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असे मुक्काम करत ती इथवर पोचली होती. ॲनाच्या दंडावर फोड आला, त्यातला द्राव घेऊन शहरातल्या आणखी मुलांना टोचलं गेलं आणि तिथून लस देशभर पसरली. पुढे जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस याच शहरात, ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. बालकांच्या लसीकरणाची गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही, ती घरचीच आहे.

आजचा विषय मात्र त्या लसीच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईचा आहे. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई.

गावातल्या अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र कसं चालतं ते पाहण्यासारखं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीत 2 ते 8 अंशांत ठेवलेल्या कुप्या सकाळी बर्फाच्या चार पॅकसह डब्यात भरल्या जातात. कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. लसीला उष्णता लागली की आतला चौकोन गडद होत जातो. तो बाहेरच्या वर्तुळाच्या रंगाला आला की कुपी बाद. बीसीजीची किंवा गोवर-रुबेलाची कुपी एकदा मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. आशाताईंकडे नावांची यादी असते: कुणाचं बाळ दीड महिन्याचं झालं, कुणाचं नऊ महिन्यांचं, कोण मागच्या वेळी आलं नाही. जी आई येत नाही तिच्या दारात आशाताई उभ्या. ‘आज ये गं, नर्सबाई दोनपर्यंतच आहेत.’

ही शिस्त एका दिवसात आलेली नाही. 1978 साली विस्तारित लसीकरण सुरू झालं, 1985 मध्ये त्याला सार्वत्रिक कार्यक्रमाचं रूप मिळालं, 1995 पासून पल्स पोलिओ आला. त्या मोहिमेत बाळाच्या डाव्या करंगळीवर शाई लागायची आणि घराच्या भिंतीवर खडूची खूण व्हायची. सगळ्या बाळांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, कुणी राहिलं असेल तर ‘एक्स’. एस.टी. स्टँडवर, रेल्वे फलाटावर, वीटभट्टीवर पथकं उभी राहिली. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात मिशन इंद्रधनुष्य आलं, राहून गेलेल्या बालकांसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत पूर्ण लसीकरण झालेली बालकं 62 टक्के होती, पाचव्या फेरीत ती 76 टक्क्यांवर गेली.

तरीही हा डोलारा किती नाजूक आहे ते 2022 च्या हिवाळ्यात मुंबईतल्या गोवंडीने दाखवलं. कोविडच्या काळात चुकलेले डोस, भाड्याच्या खोल्यांतून सतत बदलणारे पत्ते, लसीबद्दलचे गैरसमज या सगळ्यांतून गोवर उसळला, मुलं दगावली, भिवंडी-मालेगावपर्यंत साथ पोचली. महापालिकेला मशिदींतल्या मौलवींची मदत मागावी लागली, ज्यादा डोसची मोहीम काढावी लागली. यंत्रणेने दार ठोठावणं थांबवलं की काय होतं, याचा तो नमुना होता.

आता आईकडे वळू. बाळाला लस असते जन्माच्या वेळी, मग सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. म्हणजे पहिल्या वर्षात पाच वेळा सरकार या बाईला गाठतं. शिवाय प्रसूतीनंतरच्या बेचाळीस दिवसांत आशाताई घरी येऊन नवजात बाळाची तपासणी करतात, शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतिणीलाही विचारतात: ताप आहे का, अंगावरून घाण वासाचं जातं का, ती असंबद्ध बोलते का, झटके येतात का. म्हणजे आई भ्रमात बडबडू लागली तर सरकारला कळेल. ती नुसतीच गप्प झाली असेल, बाळ रडलं तरी उठावंसं वाटत नसेल, तर मात्र रकाना नाही.

आणि गप्प होणाऱ्या बायका थोड्या नाहीत. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 270 गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांत 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. भूक, नवऱ्याकडून होणारा छळ यांचा त्याच्याशी संबंध होता आणि मुलगी झाली असेल तर धोका आणखी वाढत होता. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं की नैराश्यग्रस्त आईचं बाळ सहाव्या महिन्यात वजनाला आणि उंचीला कमी भरतं. सहा ते आठ आठवडे म्हणजे नेमका तो काळ जेव्हा ही आई पेंटाव्हॅलंट लसीच्या पहिल्या डोससाठी रांगेत बसलेली असते. बाळ वजनकाट्यावर ठेवतात, वजन कार्डावर लिहितात. वजन वाढत नसेल तर आईला ‘अंगावर पाज, वरचं देऊ नको’ एवढा सल्ला मिळतो.

मानसिक आरोग्याचं सरकारी धोरण कागदावर गरीब नाही. 1982 साली राष्ट्रीय कार्यक्रम आला, 1996 मध्ये चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. 2001 मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडात बांधलेले 28 रुग्ण आगीत जळून मेले, तेव्हा देश हादरला. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे 2018 मध्ये लागू झाला आणि सरकारी सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरला. जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने उचलायचा, असंही त्यात आहे. उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये, हेही आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी या बाईचा विचार केला होता, हे मान्य करायला हवं. 2022 च्या ऑक्टोबरात टेली-मानस ही मदतवाहिनी आली, 14416 हा क्रमांक.

पण या सगळ्यात एक गृहीत आहे: ज्याला त्रास आहे त्याने यावं. सासूच्या नजरेसमोर, एकच मोबाइल असलेल्या घरात, दीड महिन्याची बाळंतीण 14416 कधी लावणार? बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत पाहणी केली तेव्हा प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना मानसिक विकार होता आणि बहुतेक विकारांत 70 टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचाराविना होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. चार प्रादेशिक मनोरुग्णालयं असलेल्या राज्यासाठी ही गोष्ट जरा खटकणारी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही नावं आपल्याकडे अजून थट्टेतच जास्त येतात.

यावर कुणी म्हणेल, मग लसीकरणाचीच पद्धत मनालाही लावा. यादी करा, दार ठोठावा, खूण करा. इथे मात्र थांबायला हवं. भिंतीवरचा ‘एक्स’ पोलिओसाठी चालतो, ‘हिचं डोकं फिरलंय’ असं सांगणारी खूण त्या बाईचं माहेर-सासर दोन्ही बंद करील. दुसरी अडचण उद्दिष्टांची. अमुक टक्के मातांची तपासणी झालीच पाहिजे असा आदेश निघाला की रकाने भरले जातील आणि बायका तशाच राहतील. सरकारी आकड्यांचा हा अनुभव जुना आहे. लसीकरणाकडून घ्यायचं ते ठरलेला दिवस, ओळखीची बाई आणि न येणाऱ्याकडे जाण्याची सवय. खडू आणि उद्दिष्टं लसीकरणाकडेच राहू द्यावीत.

असं करून पाहिलेलं आहे. विदर्भात अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातलेच कार्यकर्ते घरोघरी गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला 4.3 टक्के होतं, अठरा महिन्यांनी 27.2 टक्के झालं. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात हे घडलं, मोठं रुग्णालय न बांधता. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्या विश्वासू माणसांना तयार केलं, त्यांच्या हातात छोट्या फिल्म असलेले फोन दिले. आणि गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने गर्भारपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नैराश्यग्रस्त मातांना भेटणाऱ्या, स्वतः आई असलेल्या स्थानिक बायका शिकवून तयार केल्या. 280 स्त्रियांवर केलेल्या चाचणीत सहा महिन्यांनी लक्षणं ओसरलेल्या माता या भेटी मिळालेल्या गटात 73 टक्के, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात 60 टक्के होत्या. फरक अफाट नाही, पण खरा आहे आणि त्याला मनोविकारतज्ज्ञ लागला नाही.

मग अंगणवाडीतल्या त्या सत्रात काय बदलेल? लस दिल्यावर बाळाला अर्धा तास तिथेच थांबवतात, रिॲक्शन येते का ते पाहायला. त्या अर्ध्या तासात आई रिकामी असते आणि सासू बहुधा घरी असते. गेल्या दोन आठवड्यांत मन सारखं उदास होतं का, कशातच रस वाटत नव्हता का, हे दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. प्रश्न जगभर वापरात आहेत, मराठीत विचारायला अवघड नाहीत. अवघड आहे ते पुढचं. ती ‘हो’ म्हणाली तर पाठवायचं कुठे? जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन यायला अख्खा दिवस जातो, बरोबर बाळ, शिवाय घरी कारण काय सांगायचं? म्हणून पहिली मदत त्याच गावात हवी, गोव्यातल्या त्या मातांसारखी. जिल्ह्याच्या पथकाने महिन्यातून ठरलेल्या दिवशी उपकेंद्रात यावं आणि तो दिवस लसीकरणाचाच असावा. कुणाला कारण विचारायची गरजच पडणार नाही, ती बाळाला डोस द्यायला आलेली असेल.

राहता राहिला प्रश्न आशाताईंचा. गर्भवतींची नोंद, क्षयरोगाचा शोध, कुष्ठरोगाचा शोध, लसीकरणाची यादी, सगळं त्यांच्याच झोळीत. मानधनासाठी त्यांनी 2021 मध्ये आणि 2023 मध्ये संप केले. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर फुकट टाकायचं असेल तर हा विचार इथेच सोडून दिलेला बरा. टाकायचंच असेल तर त्या अर्ध्या तासाचे पैसे ठरवा आणि प्रशिक्षण एका दुपारच्या चहापाण्यात उरकू नका. सर्वांत आधी हे दोन प्रश्न त्यांना स्वतःला विचारा.