सांडपाण्याचा समुद्रापर्यंतचा प्रवास
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी सांडपाण्यावर बोलणे म्हणजे पंगतीत बसून मोरीची चर्चा करण्यासारखेच आहे. परंतु कारखान्यात काय शिरते याइतकाच बाहेर काय पडते याचाही हिशेब या पोलादनगरीत घरोघरी कळतो, म्हणून हे धाडस करतो.

भिलाईहून समुद्र शेकडो मैल दूर. त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण दुर्गच्या कडेने वाहणारी शिवनाथ महानदीला मिळते, महानदी हिराकुडच्या जलाशयातून पुढे जाऊन पारादीपजवळ बंगालच्या उपसागराला भेटते आणि तिच्या पाण्याचा एक फाटा, दया नदी, थेट चिलिका सरोवरात उतरतो. वाटेत घाणीचा बराच भाग नदी स्वतःच पचविते. पाण्यातील जिवाणू तो मैला खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण बेताची असली तर हवेतून प्राणवायूची भरपाई होते. अति झाली तर प्रथम मासे मरतात, मग पाण्याला दुर्गंधी सुटते.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात निराळे काही घडत नाही. नदीने आठ-दहा दिवसांत करावयाचे काम तेथे काही तासांत उरकले जाते. जाळ्यांवर चिंध्या अडतात, मग रेती बसते, मग गाळ; येथवर झाली प्राथमिक प्रक्रिया. त्यापुढे हवा फुंकून जिवाणूंना पोसणे ही द्वितीय प्रक्रिया. खरा खर्च येथेच, कारण हवा फुंकण्यास वीज लागते. ज्यांच्याजवळ जमीन व ऊन मुबलक आहे ते उथळ तळी खणतात आणि शेवाळाकडून तो प्राणवायू फुकट मिळवितात. मध्य भारतातील उन्हाला ही पद्धत फार मानवते, आणि नागपूरच्या ज्या संस्थेला १९७४ पासून आपण ‘नीरी’ म्हणून ओळखतो, तिने या तळ्यांचा पुष्कळ अभ्यास केला आहे.

मुंबईला ना जमीन, ना उसंत. समुद्र मात्र दाराशी. १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने जो प्रकल्प हाती घेतला गेला, त्यात वरळी व वांद्रे येथून समुद्रतळाखाली सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे बोगदे नेण्यात आले. चिंध्या व रेती काढलेले सांडपाणी त्यांच्या टोकाशी अनेक तोंडांतून खोल पाण्यात सोडले जाते. ते खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने वर चढते आणि चढता चढता मिसळून विरळ होते. उरलेले रोगजंतू ऊन व क्षार यांनी मरतात. ही युक्ती निश्चितच शास्त्रशुद्ध आहे. परंतु विरळ होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. नत्र आणि स्फुरद शिल्लक राहतात व शेवाळाचे खाद्य बनतात.

शिवाय नळातून आले तेवढेच पाणी बोगद्यात जाते. ज्या वस्त्यांना मलवाहिनीच नाही, त्यांचा मैला नाल्यांतून मिठी नदीत आणि तेथून माहीमच्या खाडीत उतरतो. मालाड केंद्राचे पाणीही वर्षानुवर्षे जुजबी प्रक्रियेनंतर खाडीतच सोडले गेले. आता खाडी म्हणजे काही समुद्र नव्हे! भरती घाण आत ढकलते, ओहोटी थोडी बाहेर नेते, पुन्हा भरती. माशांची पिल्ले वाढतात ती याच उथळ पाण्यात. म्हणून खाडीच्या तोंडाशी पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या कोळ्याला दूर समुद्रात पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा दाखवून काही उपयोग नाही. त्याला पूर्वीपेक्षा लांब जावे लागते आणि डिझेलचे पैसे तोच भरतो.

दादरच्या चौपाटीवर आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले. तेथील पाणी सुधारावयाचे तर बोगद्याची लांबी वाढवून भागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कुलाब्याला दररोज ३७ दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे केंद्र २०२० मध्ये उभे राहिले. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर व भांडुप या सात केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. त्यांची एकत्रित क्षमता दररोज सुमारे २४६० दशलक्ष लिटर आहे आणि येथे पाणी केवळ गाळून न सोडता पुरते शुद्ध करावयाचे आहे. केंद्रे होतील, पण गल्लीतला नाला त्या केंद्रापर्यंत नेऊन जोडणे हे त्याहून किचकट काम आहे, आणि त्याचे भूमिपूजन कोणी समारंभाने करीत नाही.