ब्रह्मगिरीची फेरी

आम्हां सोलापूरकरांना प्रदक्षिणा ही कांहीं नवी गोष्ट नाहीं. बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनीं आमच्या गांवाच्या पंचक्रोशींत अडुसष्ट लिंगें स्थापन केलीं, असें परंपरा सांगते. मकरसंक्रांतीच्या यात्रेंत सात नंदिध्वज मिरवणुकीनें निघतात आणि या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करीत गांवाला वेढा घालून परत येतात. वडिलांचें बोट धरून मी त्या मिरवणुकीमागें चाललों, तेव्हां माझें वय सात-आठ वर्षांचें असेल. निघालों तेथेंच संध्याकाळीं परत आलों याचें त्या वयांत मला फार नवल वाटलें होतें. एवढें चालून शेवटीं घरींच यावयाचें, तर मग चालावयाचें कशाला, असें मीं विचारलेंही होतें. वडील नुसते हंसले.

परंतु आमची प्रदक्षिणा सपाट भूमीवरची. काळी जमीन, ज्वारीचीं शेतें, मधून मधून बाभळी आणि चहूंकडे मोकळें आभाळ. डोंगर म्हणावा असा उंचवटा आमच्या क्षितिजावर नाहीं. आज ज्या फेरीची हकीकत मी आपणांपुढें मांडणार आहें, ती नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरीं, ऐन सह्याद्रीच्या माथ्यावर घालावयाची आहे. तिला ब्रह्मगिरीची फेरी असें म्हणतात. श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं ही फेरी घालण्यास लोक लाखांनीं लोटतात. एका डोंगराला उजवीकडे ठेवून, खिंडी, पठारें, ओढे आणि आदिवासी पाडे ओलांडीत एका दिवसांत पुन्हां त्र्यंबकांत यावयाचें. लहान फेरी सुमारें २० किलोमीटरांची आहे; हरिहर गडासही वळसा घालणारी मोठी फेरी याच्या जवळ जवळ दुप्पट भरते. माझ्या गुडघ्यांचा विचार करून आम्हीं अर्थातच लहान फेरी पत्करली.

‘आम्हीं’ म्हणजे मी आणि माझा एक जुना विद्यार्थी. तो पाटबंधाऱ्याच्या कामावर नोकरीस असून सध्यां नाशकास राहतो. शाळेंत मीं तेहतीस वर्षें भूगोल शिकविला. “गोदावरी नदी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते,” हें वाक्य मीं किती वेळां उच्चारलें असेल याची गणती नाहीं. परंतु ब्रह्मगिरी मात्र मीं कधीं पाहिला नव्हता. सेवानिवृत्त झाल्यावर ही गोष्ट मनास टोंचूं लागली. विद्यार्थ्याला पत्र घातलें. त्याचें उत्तर आलें, “गुरुजी, तिसऱ्या सोमवारीं येऊं नका, गर्दींत डोंगर दिसणार नाहीं. एखाद्या साध्या बुधवारीं या.”

त्याप्रमाणें श्रावणांतल्या एका बुधवारीं पहांटे पांच वाजतां आम्ही कुशावर्तावर उभे होतों. आकाश भरून आलें होतें. तीर्थांत हातपाय भिजवून, नानासाहेब पेशव्यांनीं १७५५ सालीं बांधावयास घेतलेल्या आणि १७८६ सालीं पुऱ्या झालेल्या त्या काळ्या पाषाणाच्या देवळाला बाहेरूनच हात जोडले आणि पूर्वेकडे निघालों. माझ्या पिशवींत ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि कांदा होता. सोलापूरचा मनुष्य प्रवासाला निघाला म्हणजे याहून निराळें कांहीं बांधून घेत नाहीं. या भाकऱ्या आठ दिवस टिकतात. मात्र पावसापासून त्या जपाव्या लागतात, हें मला त्या दिवशीं समजलें.

गांवाबाहेर थोड्याच अंतरावर प्रयागतीर्थ लागतें. पुढें पेगलवाडी मागें टाकून आम्ही पहिण्याच्या वाटेला लागलों, तेव्हां उजाडूं लागलें होतें. उजव्या हाताला ब्रह्मगिरीचा काळा कडा ढगांत शिरलेला. त्याची उंची १२९५ मीटर, म्हणजे सुमारें ४२५० फूट आहे. कड्यावरून पांढऱ्या दोऱ्यांसारखे धबधबे लोंबत होते. मीं मोजण्याचा प्रयत्न केला. सतरांपर्यंत मोजले आणि पुढें ढग आला.

हा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा कां दिसतो, हें सांगतों. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीला भेगा पडून तप्त शिलारस एकावर एक थरांनीं पसरला आणि थिजला. कांहीं थर कठीण, कांहीं मऊ. मऊ थर पावसानें झिजतात, कठीण थर कड्याच्या रूपानें उभे राहतात. आमच्या सोलापुराखालचा काळा दगड याच कुळांतला आहे. तेथें तो जमिनीखालीं दडला आहे, येथें तो आभाळाला भिडला आहे, एवढाच भेद.

पहिण्यानंतर गाडीरस्ता सुटला. भातखाचरांच्या बांधांवरून पायवाट जाऊं लागली. खाचरांत भाताची लावणी उरकलेली. उतारांवर नागली आणि वरई. गुडघाभर चिखलांत उभ्या असलेल्या बाया आमच्याकडे पाहून, “फेरीवाले का?” असें विचारीत आणि आम्हीं होय म्हटलें कीं हात जोडीत. आमच्यांत भक्ति किती होती देव जाणे, परंतु तो नमस्कार घेतांना मला संकोच वाटला. एका पाड्यावर एका म्हाताऱ्यानें ओसरीवर बसवून गुळाचा काळा चहा दिला. पैसे पुढें केले तर म्हणाला, “फेरीच्या मान्साकडून न्हाई घेत.” कुडाच्या भिंती, दारांत कोंबड्या आणि छपरावरून एकसारखी गळणारी पागोळी. त्या पागोळीखालीं हंडे, कळशा, डबे असें मिळेल तें भांडें मांडून ठेविलेलें होतें. एवढ्या धो धो पावसांत पाणी सांठविण्याची ही कसली घाई, असें माझ्या मनांत आलें. परंतु मी कांहीं बोललों नाहीं.

दहाच्या सुमारास आम्ही डोंगराच्या मागल्या बाजूस, उंच पठारावर पोंचलों. तेथें धुक्यानें आम्हांला गांठलें. दहा हातांपलीकडचें झाड दिसेना. वाटेला दोन फांटे फुटले होते. एक रुंद आणि मळलेला, दुसरा अरुंद. विद्यार्थी हळूच म्हणाला, “गुरुजी, मला वाटतें उजवीकडची अरुंद वाट.” परंतु तेहतीस वर्षें वर्गांत चुकीचें उत्तर दुसऱ्याचें असतें, या समजुतींत वावरलेला मी! मीं ठासून सांगितलें, “मळलेली वाट तीच खरी.” तो बिचारा कांहीं न बोलतां माझ्यामागून आला.

या डोंगरांत वाट चुकण्याची एक फार जुनी कथा आहे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणी आपल्या मुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असतां समोर वाघ आला. सर्वजण पळाले, त्या गडबडींत थोरला निवृत्ति चुकला आणि एका गुहेंत शिरला. त्या गुहेंत त्याला गहिनीनाथ भेटले. निवृत्तीनें मिळालेलें ज्ञान पुढें धाकट्या ज्ञानदेवाला दिलें. निवृत्तिनाथांची समाधि आज त्र्यंबकांतच आहे. ही कथा मीं विद्यार्थ्याला मोठ्या रसानें सांगितली. कथा संपतांच माझ्या ध्यानांत आलें कीं, आपणही वाट चुकलों आहों. पायांखालची वाट उतरूं लागली होती आणि ब्रह्मगिरी उजव्या हाताला असावयाचा, तो कोठेंच दिसत नव्हता.

तेवढ्यांत धुक्यांतून घंटेचा आवाज आला. चार शेळ्या आणि त्यांच्यामागें डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी. आम्हांला पाहून ती थबकली आणि म्हणाली, “बाबा, ही फेरीची वाट न्हाई. ही पान्यावर जाते.”

“कसल्या पाण्यावर?” मीं विचारलें.

“खालच्या झऱ्यावर. उन्हाळ्यांत वरची विहीर आटते, मग आई ह्याच वाटेनं जाते. रोज तीन खेपा.” वाट रुंद कां होती तें आतां मला कळलें. ती यात्रेकरूंच्या पायांनीं मळलेलीच नव्हती.

मुलगी आमच्यापुढें चालूं लागली. अर्ध्या तासानें एका लहानशा सोंडेवर येऊन ती थांबली. धुकें जरासें विरळ झालें होतें. तिनें एका हातानें एक बाजू दाखविली. “ह्या अंगाचं पानी वैतरणेला.” मग दुसऱ्या हातानें दुसरी. “त्या अंगाचं गंगेला.” गंगा म्हणजे त्यांची गोदावरी. एवढें सांगून, काठीनें शेळ्या वळवून ती धुक्यांत नाहींशी झाली. तिला खाऊ देण्याचेंही भान मला राहिलें नाहीं.

मी तेथेंच दगडावर बसलों. कारण मला एक वर्ग आठवला. पावसाळ्याचे दिवस, मी फळ्यावर गोदावरीची रेघ काढीत होतों. एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, त्र्यंबकाहून पश्चिमेचा समुद्र जवळ आहे. मग गोदावरी तिकडे कां जात नाहीं? उलट का जाते?” मला उत्तर नीटसें येत नव्हतें. तें कबूल करण्याऐवजीं मीं त्याला आगाऊ ठरविलें आणि दोन छड्या दिल्या. तो मुलगा आतां माझ्यासमोर भिजलेल्या टोपींतून पाणी झटकीत उभा होता.

प्रश्न उत्तम होता. अरबी समुद्र येथून अवघा ८० किलोमीटरांवर आहे. तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून, १४६५ किलोमीटर चालून, आंध्र प्रदेशांत बंगालच्या उपसागराला मिळते. कारण दख्खनचें पठार पश्चिमेस उचललेलें आणि पूर्वेस कललेलें आहे. सह्याद्रि म्हणजे त्या कललेल्या पाटाची उंच कड. कडेच्या अलीकडे पडलेला थेंब पूर्वेस वाहतो, पलीकडे पडलेला पश्चिमेस कोसळतो. आमच्या भीमेचीही हीच कथा. हें सारें त्या दिवशीं मला दोन मिनिटांत सांगतां आलें असतें. अट एवढीच कीं, आधीं मला शोधावें लागलें असतें.

मीं त्याला म्हटलें, “अरे, तो प्रश्न तुला आठवतो का? मीं तुला त्याबद्दल मारलें होतें.” तो हंसला. “गुरुजी, छड्या आठवतात. प्रश्न आठवत नाहीं.”

श्रोतेहो, त्यानें हें अगदीं सहज, प्रेमानें सांगितलें. परंतु त्या उत्तराचा मार मला अजून लागतो आहे.

भाकरी खाऊन आम्ही पुढें निघालों. भाकरी एव्हांना कडक राहिली नव्हती. चालतां चालतां त्यानें मला पाण्याचा हिशेब सांगितला. पश्चिमेकडे उतरणाऱ्या वैतरणेवर मुंबईसाठीं १९५७ सालीं मोडकसागर, १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा अशीं धरणें झालीं. पूर्वेकडे उतरणाऱ्या गोदावरीवर नाशकाजवळ गंगापूर आणि खालीं पैठणला जायकवाडी. या एका डोंगररांगेच्या दोन्ही अंगांच्या पाण्यावर किती नगरें आणि किती शेतें पोसलीं जातात! आणि जेथें तें पाणी पडतें, तेथील बाई वैशाखांत तीन खेपा करते, कारण कड्यावर पडलेलें पाणी कातळावरून निसटून जातें, मुरत नाहीं. पागोळीखालचे हंडे मला आतां समजले. आम्हां सोलापूरकरांना तर हें सहज समजावें. उजनीचें पाणी आमच्या नळाला कित्येक दिवसांआड येतें, तेव्हां आम्हीही घरांतलें भांडें न् भांडें भरून ठेवतों. फरक एवढा कीं आम्ही पाण्यापासून दूर आहों आणि ते त्याच्या उगमाशीं.

माथ्यावरचें रान राहिलें तर थोडें तरी पाणी धरून ठेवतें. परंतु २०२१ सालीं ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीं डोंगर फोडण्याचें काम चाललेलें उघडकीस आलें आणि लोकांना त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. ज्या डोंगराला लाखों लोक देव मानून वळसा घालतात, त्यालाही राखण लागते, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

दुपारनंतर पाऊस उघडला. उतारावर सोनकीचीं पिवळीं फुलें फुलूं लागलीं होतीं, तेरड्यानें बांध जांभळे केले होते. सापगांवची वाट उतरून, खिंड चढून आम्ही गणपतबारीशीं आलों तेव्हां पांच वाजले होते. कुशावर्तावर सकाळच्याच पायरीवर येऊन बसलों. लहानपणीं वडिलांना विचारलेला प्रश्न मला आठवला. सकाळीं येथें बसलेला मास्तर आणि संध्याकाळीं बसलेला मास्तर, दोघे अगदीं एक नव्हते, एवढें उत्तर मला तेथें मिळालें.

माझी आपणांस एकच विनंति आहे. सह्याद्रि दूर असेल तर असूं द्या. वर्षांतून एक दिवस मुलांना घेऊन आपल्याच गांवाला पायीं फेरी घाला. बरोबर भाकरी घ्या, पाणी घ्या. ओढा कोठून येतो, कोठें जातो, तें पाहा. मूल प्रश्न विचारील. उत्तर येत असेल तर सांगा. येत नसेल तर “चल, आपण शोधूं,” असें म्हणा. मला हें म्हणावयास फार उशीर झाला. परवां माझ्या नातवानें विचारलें, “आजोबा, सिद्धेश्वराच्या तळ्यांत पाणी कोठून येतें?” येत्या रविवारीं आम्ही दोघे तें पाहावयास जाणार आहों.