विषातही वळवळणारे कृमी



वांग्या-टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी तुम्ही पाहिले असतील. आज आम्ही त्यांच्या एका निरुपद्रवी भाऊबंदाविषयी बोलणार आहोत. लांबी मिलिमीटरभर, खाणं जिवाणूंचं, आणि अंगात मज्जापेशी मोजून ३०२! इतका सुटसुटीत जीव म्हणून सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञांनी इंग्लंडात केंब्रिजला तो अभ्यासाला घेतला. धड चालता न येणारे त्याचे कितीतरी वाण त्यांनी १९७४ साली जगापुढे मांडले.

मज्जापेशी आणि स्नायू यांच्यामध्ये बारीकशी फट असते. पेशीच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या इवल्याशा पिशव्या असतात. इशारा आला की कॅल्शियम आत शिरतं, पिशवी पेशीच्या पडद्याशी एकजीव होऊन उघडते, रसायन फटीत सांडतं आणि स्नायू आखडतो. हे रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. काम झालं की एक विकर ते लगेच मोडून टाकतं.

अल्डीकार्ब नावाचं कीटकनाशक नेमकं त्या विकरालाच बंद पाडतं. रसायन साचतं, कृमी आखडून लुळे पडतात. काही मात्र वळवळत राहिले, आणि तेही एरवी धड न चालणारे! त्यांच्या पिशव्याच नीट उघडत नव्हत्या. मुळात सांडलंच थोडं, तर साचणार काय? विषात कोण टिकतं हे बघत शास्त्रज्ञ पिशवी उघडणाऱ्या प्रथिनांपर्यंत पोचले. त्यातलं ‘अंक-१३’ नसेल तर पिशव्या दाराशी येऊन नुसत्या थांबतात, हे १९९९ साली दिसलं. त्याच घराण्यातली प्रथिनं आपल्या मेंदूतही आहेत.

आणि ते विकरही आपल्यात आहे. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली फवारणीची औषधं (विषाला औषध म्हणायची ही सवय आम्हाला खटकते) त्याच्यावरच घाव घालतात. फवारून आलेल्या माणसाला दरदरून घाम, तोंडात लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, मांस लवलवतंय, धाप लागलीय, तर ऊन लागलं समजून कांद्याचा रस लावत बसू नका. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, बाटलीवरचं लेबल सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. तिथे अ‍ॅट्रोपीन टोचतात. ते साचलेलं रसायन हटवत नाही, पण ग्रंथींवर आणि श्वासनलिकांवर त्याची मात्रा चालू देत नाही. छातीतली घरघर कमी होते, श्वास मोकळा व्हायला लागतो.