ही गोळी कोणत्या कामाची?

(आपल्या प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेलं हे भाषण. वक्त्या ग्रामीण रुग्णालयातून औषधनिर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आहेत. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं.)



मागच्या सभेत निरोप दिला होता की येताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. तुम्ही आणलीत. सतरंजीवर ढीग बघा केवढा झालाय! काही पाकिटं अर्धी कापलेली, काहींवरचं नाव गेलेलं, काही नुसत्या कागदाच्या पुड्या. आज आपण हा ढीग निवडायचा. तांदूळ निवडतो तसा.

आता सांगा, निवडायचं कसं? रंगावरून? लाल गोळी रक्ताचीही असते आणि दुखीचीही. नावावरून? क्रोसिन, कालपोल, डोलो ही तीन नावं. आतलं औषध एकच, पॅरासिटामॉल. पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्याच्या खाली किंवा मागे बारीक अक्षरात असतं ते औषधाचं खरं नाव. जनऔषधी केंद्रात गोळी स्वस्त मिळते, तिच्यावर हेच खरं नाव असतं.

आपल्या गटाच्या वहीत बचत, कर्ज, व्याज, दंड असे रकाने असतात. एकच रक्कम दोन रकान्यांत लिहिली गेली तर महिनाअखेर हिशोब जुळत नाही. औषधांचंही तसंच. गोळी हातात घेतली की दोन प्रश्न विचारायचे. ही कशासाठी आहे? आणि पोटात गेल्यावर ही करते काय? पहिल्याचं उत्तर म्हणजे उपयोग, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे क्रिया. जगभर औषधांचे गट याच दोन गोष्टींवरून पाडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत १४ मोठे गट आहेत. आपल्याला चौदा नकोत. या सतरंजीवर मी सहा ढीग करते.

पहिला ढीग : ताप आणि दुखणं

यात दोन जातीच्या गोळ्या आहेत, आणि आपण त्या एकच समजतो. एक पॅरासिटामॉल. ती ताप उतरवते, दुखणं कमी करते, पण सुजेवर तिचा फारसा उपयोग नाही. प्रमाणात घेतली तर पोटाला त्रास देत नाही. पण जास्त झाली तर यकृत खराब करते. मोठ्या माणसाने चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांच्या वर जायचं नाही. वजन कमी असेल, दारूची सवय असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा त्याहून खाली. आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही याच हिशोबात धरायचं.

दुसरी जात सूज आणि दुखणं कमी करणारी. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही या घरातली भावंडं. सूज आणि कळ वाढवणारा जो पदार्थ शरीरात तयार होतो, तो या गोळ्या कमी करतात. पण त्याच जातीचा पदार्थ पोटाचं अस्तर सांभाळतो आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतो. म्हणून या गोळ्या गुडघ्याला बऱ्या आणि पोटाला, मूत्रपिंडाला जड.

इथे मला माझ्या आईचं सांगायचं आहे.

आईचे गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी एक गोळी दिली. ती चालू असताना दुकानातून तिने दुसरी आणवली. शेजारणीने ‘मला लय फरक पडला’ म्हणून तिसरी दिली. तीन पाकिटं, तीन रंग. आईचा हिशोब साधा होता. एक गुडघ्याची, एक कमरेची, एक अंगदुखीची. काही दिवस शौच डांबरासारखी काळी होत होती, ते तिने कोणालाच सांगितलं नाही. अशा गोष्टी आपण बायका सांगतो का? एका पहाटे ती मोरीत चक्कर येऊन पडली. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं.

दवाखान्यातून घरी येऊन मी तिची पिशवी उघडली. दोन पाकिटांत डायक्लोफिनॅक, तिसऱ्यात ॲसिक्लोफिनॅक. तिन्ही एकाच घरातली. रोज खिडकीतून मी शेकडो लोकांना गोळी कशी घ्यायची ते सांगत होते, आणि माझ्या आईची पिशवी मी एकदाही उघडून पाहिली नव्हती. आई वाचली. पण ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून आज तुम्हाला पिशव्या आणायला लावल्या.

तुमच्यातल्या मोठ्या तायांना गिधाडं आठवत असतील. मेलेलं जनावर टाकलं की थव्याने यायची. मग दिसेनाशी झाली. कारण हेच डायक्लोफिनॅक. ते जनावरांना टोचलं जायचं, असं जनावर मेल्यावर गिधाडं ते खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये आपल्या देशात जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसाचं शरीर ते गिधाडापेक्षा चांगलं सोसतं. पण वय झालेलं, साखर-बीपी असलेलं, उन्हात पाणी न पिता राबणारं मूत्रपिंड किती सोसेल? या गोळ्या उपाशीपोटी नकोत, एका वेळी दोन नकोत, महिनोन्‌महिने मनाने नकोत. आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नकोत.

दुसरा ढीग : जंतूंवरची औषधं

ॲमॉक्सिसिलीन, ॲझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन. यांना प्रतिजैविकं म्हणतात, आपण ‘पावरची गोळी’ म्हणतो. ही औषधं जिवाणू मारतात किंवा त्यांची वाढ थांबवतात. दुखणं थांबवणं, ताप उतरवणं हे त्यांचं काम नाही. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, त्यावर या गोळ्या चालतच नाहीत. उगाच घेतल्या की अंगातले जिवाणू त्यांना सरावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही.

पाकिटावर उभी लाल रेघ दिसते का बघा. तिचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घ्यायचं नाही. जेवढे दिवस सांगितले तेवढे दिवस घ्यायचं. उरलेल्या चार गोळ्या जावेच्या पोरासाठी ठेवायच्या नाहीत.

अजून एक. ॲमॉक्सिसिलीनने अंगावर गांधी उठल्या असतील, तर ते नाव लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना सांगा. ती गोळी पेनिसिलीनच्या घरातली आहे. एकीने त्रास दिला तर तिच्या बहिणीही देऊ शकतात.

तिसरा ढीग : पित्ताच्या गोळ्या

इथे उपयोग एक, पण क्रिया दोन. चघळायची किंवा प्यायची पांढरी औषधं पोटात आधीच असलेलं आम्ल मारतात, म्हणून लगेच बरं वाटतं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल आम्ल तयार होणंच कमी करतात, म्हणून त्या जेवणाआधी घ्यायच्या. जळजळ सुरू झाल्यावर पॅन्टोप्राझोल घेऊन ‘गुण येत नाही’ म्हणणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करणं.

चौथा ढीग : रोजच्या गोळ्या

बीपी आणि साखर. या गोळ्या आजार मुळासकट काढत नाहीत, ताब्यात ठेवतात. ‘आता बीपी नॉर्मल आलं, म्हणून सोडली,’ असं कितीतरी जणी सांगतात. अहो, नॉर्मल आलं ते गोळीमुळेच!

एका ताईंनी मघाशी विचारलं, मला बीपीच्या दोन गोळ्या दिल्यात, मग तुमच्या आईसारखी चूक झाली का? नाही. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे जादाचं मीठपाणी काढते. काम एक, वाटा दोन, आणि डॉक्टरांनी विचार करून दिलेल्या. एका घरातल्या दोन गोळ्या आणि दोन घरांतल्या दोन गोळ्या, हा फरक ध्यानात ठेवा. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी मात्र गरोदरपणात चालत नाही. दिवस राहिले किंवा मूल हवं असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, म्हणजे ते गोळी बदलून देतील.

साखरेचंही तसंच. एकटी मेटफॉर्मिन घेत असाल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी. ग्लिमेपिराइड मात्र शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. गोळी घेतली आणि एकादशी म्हणून काही खाल्लं नाही, तर घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी द्या. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाचवा ढीग : आपल्या बायकांचा

माला-एन आणि छाया, दोन्ही पाळणा लांबवण्यासाठी. पण माला-एनमध्ये संप्रेरकं म्हणजे हार्मोन्स आहेत, छायामध्ये नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने माला-एन देत नाहीत, छाया चालते. बीपी असेल तरी माला-एन नको. म्हणून एकीची गोळी दुसरीने घ्यायची नाही. आशाताईंना विचारायचं.

गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायला घेतात, ती गोळीही हार्मोनचीच. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, तर ती धोक्याची ठरू शकते. दुकानातून परस्पर आणू नका.

लोहाची लाल गोळी ही शरीरात कमी पडलेलं भरून काढते. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस, रोज एक. चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. तिने शौच काळसर होते, घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर दवाखाना गाठा.

लेकराला जुलाब झाले तर ओआरएस हेही भरून काढणारंच. गेलेलं पाणी आणि क्षार ते परत देतं. सोबत झिंकची गोळी १४ दिवस. जुलाब एकदम थांबवणारी मोठ्यांची गोळी लहान लेकराला कधीही देऊ नका.

सहावा ढीग : नाव नसलेला

या कागदाच्या पुड्या. ‘एका दिवसात गुण येतो’ अशा. यात काय आहे ते मला सांगता येत नाही, आणि हेच भीतीचं आहे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. स्टिरॉइड वाईट औषध नाही. दम्यात ते जीव वाचवतं. ते सूज झपाट्याने उतरवतं, म्हणून गुण लगेच दिसतो. पण महिनोन्‌महिने घेतलं तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि खूप दिवस घेऊन एकदम बंद केलं तरी धोका. म्हणून पुडी चालू असेल तर लपवू नका, डॉक्टरांपुढे ठेवा. ते हळूहळू सोडवतील. गोरं करणाऱ्या मलमांतही स्टिरॉइड असू शकतं, त्याने कातडी पातळ होते.

आता घरी जाऊन काय करायचं?

गोळ्या कापून घेताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा राहू द्या. घरातल्या प्रत्येकासाठी एक कागद करा : औषधाचं खरं नाव, कशासाठी, कधीपासून. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून लिहून घ्या. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी तो कागद आणि पिशवी सोबत न्या. नवीन गोळी मिळाली की विचारा : ‘ही कोणत्या कामाची? माझ्या आधीच्या गोळ्यांतली तर नाही ना?’ विचारायला लाजू नका. खिडकीच्या आत बसून मी २८ वर्षं काढली. विचारणाऱ्या बाईचा मला कधी राग आला नाही. न विचारता गेलेल्या बाईची मात्र काळजी वाटायची.

आणि आज रात्री एक काम करा. आपल्या सासूची, आईची पिशवी उघडा. त्या नको म्हणतील, ‘काही नाही गं, साध्याच गोळ्या आहेत,’ म्हणतील. तरी उघडा.