घरी सोडल्यानंतरचे दिवस
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)





आपल्या रायगड किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, मच्छीमारांच्या होड्या आहेत आणि जवळूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. झाडावरून कुंपणाच्या खुंटावर पडून किंवा वाहनाच्या अपघातात सळई घुसून छातीला खोल जखम होऊ शकते. अशा वेळी शिरलेली वस्तू उपसू नये, कारण तिनेच रक्तस्राव रोखून धरलेला असू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. परंतु आज मला बोलायचे आहे ते रुग्ण घरी परतल्यानंतरच्या काळजीविषयी.

अशा बहुसंख्य रुग्णांना छाती उघडण्याची शस्त्रक्रिया लागत नाही. फुप्फुसाभोवती साचलेली हवा वा रक्त नळीवाटे पाण्याच्या बाटलीत सोडले जाते. जर्मन वैद्य ब्यूलाऊ यांनी १८९१ साली मांडलेले हे तत्त्व आजही उपयोगी पडते. ज्याला काहीच त्रास नाही आणि ज्याचे क्ष-किरण चित्र स्वच्छ आहे, त्याला काही तास थांबवून दुसरे चित्र काढतात व मगच घरी पाठवतात. कारण लहानशा छिद्रातून हवा हळूहळू साचते. ती पहिल्या चित्रात दिसेलच असे नाही.

घरी आल्यावर वेदनेमुळे रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो. मग कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून वेदनाशामक औषध वेळेवर द्यावे, छातीशी उशी धरून खोकण्यास सांगावे, दीर्घ श्वसन करवून घ्यावे. धूम्रपान पूर्ण बंद असावे. धनुर्वाताची लस झाली आहे ना, हे पाहावे. डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय विमानप्रवास करू नये. दम लागणे, छातीतील दुखणे वाढणे, ताप, जखमेतून पू किंवा थुंकीतून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास उजाडण्याची वाट पाहू नये.

मुरूडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचसेवाही बंद असते. त्यामुळे “बरे वाटते आहे” म्हणून फेरतपासणी टाळली जाते आणि तेथेच घात होतो. रात्री त्रास झाल्यास कोठे जायचे, हे निघतानाच डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे.

फळे घेऊन भेटीस जाणारे पुष्कळ असतात. तपासणीच्या दिवशी वाहन घेऊन रुग्णाच्या दारी उभा राहणारा एक जण प्रत्येक आळीत असावा, एवढीच या शुभप्रसंगी आपणांस विनंती करतो.