यशाचे वांटेकरी

यशस्वी पुरुषाचें चरित्र सांगतांना आपण त्याच्या कष्टांचें माप मोठें धरतों आणि दैवाचें लहान. जो मागें राहिला, त्याच्या माथीं मात्र आळसाचा शिक्का मारून मोकळे होतों. हा न्याय कितपत खरा आहे, हें पाहण्यासाठीं क्रिकेटपटु बाळू पालवणकर यांचें उदाहरण आज आपल्यापुढें ठेवतों.

बाळू चर्मकार समाजांत जन्मले. वडिलांची चाकरी लष्करांत होती, म्हणून मुलें पुण्यास वाढलीं आणि अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या साहित्यावर खेळ शिकलीं. हेंच कुटुंब छावणीपासून दूर एखाद्या खेड्यांत राहतें, तर चेंडू त्यांच्या हातीं येता ना. पुढें इंग्रजांच्या क्लबांत बाळूंस दरमहा ४ रुपयांची नोकरी लागली. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळें बांधावें आणि कॅप्टन ग्रेग या नामवंत फलंदाजास सरावासाठीं चेंडू टाकावे, हें त्यांचें काम. ही संधि दैवानें दिली. परंतु तासन् तास चेंडू टाकून डाव्या हातास जी सिद्धि आणली, ती सर्वस्वीं त्यांची.

येथें रूढि आडवी आली. साहेबांच्या संघास हरविण्यासाठीं पुण्याच्या हिंदु संघास बाळू हवे होते. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांनीं झेलावा. चहाच्या वेळीं मात्र त्यांनीं मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा प्यावा! १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यांत आपला संघ बहुतेक सामने हरला, तरी बाळूंनीं ११४ गडी बाद केले. इतकें करूनहि हिंदु संघाचें नायकत्व त्यांस कधींच लाभलें नाहीं. १९२३ सालीं तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. तेव्हां बाळूंचे खेळण्याचे दिवस सरले होते. विठ्ठल उत्तम फलंदाज होते, यांत शंका नाहीं. पण लोकमत थोडें वळण्यास जीं वर्षें लागलीं, तीं थोरल्या भावाच्या आयुष्यांतून गेलीं.

दैव कोणाच्याच हातीं नाहीं. रूढि मात्र माणसांनीं घातलेली असते आणि माणसांनाच ती मोडतां येते. म्हणून ज्यास यश लाभलें, त्यानें त्याचे वांटेकरी ओळखावे. आणि शिक्षक, मालक, संघाचे चालक अशा ज्यांच्या हातीं निवडीचा अधिकार आहे, त्यांनीं समोरच्या उमेदवारास नालायक ठरविण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: याच्या हातीं चेंडू कधीं आला होता काय?